झाडाची जखम आणि डांबराचा लेप

मे महिना संपत आला की शाळेच्या आवारातील मोठ्या झाडांकडे सर्वांचे लक्ष जाते. वर्गाच्या कौलांवर आलेली फांदी, विजेच्या तारांना टेकलेली फांदी, घंटेच्या वरच नेमकी वाळलेली फांदी. वादळी पावसाआधी त्या उतरवाव्यात असे ठरते, कुऱ्हाड आणि करवत घेऊन माणसे येतात, आणि दोन तासांत काम उरकते. जाताना त्यांतला एखादा जाणता माणूस डांबराचा डबा उघडतो आणि कापलेल्या जागेवर काळा लेप देतो. आपणही समाधानाने म्हणतो, ‘चला, जखमेवर औषध लागले. आता झाड कुजणार नाही.’

आम्हीही हे अनेक वर्षे असेच मानत होतो. विद्यार्थ्यांना तसे सांगतही होतो. मग कधीतरी प्रश्न पडला, की हा लेप लावायचा हे प्रथम कोणी ठरवले? त्याने झाड कुजत नाही हे कोणी, कसे तपासले? या प्रश्नाच्या मागे जाताना जो इतिहास हाती लागला तो झाडांचा तर आहेच, पण त्याहूनही अधिक माणसाच्या विचार करण्याच्या सवयीचा आहे. म्हणून तो शिक्षकांपुढे ठेवावासा वाटतो.

जुनी कल्पना

झाडाला जखम झाली तर तिच्यावर लेप द्यावा, ही कल्पना फार जुनी आहे आणि ती एकाच देशाची नाही. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त, म्हणजे इसवी सनाच्या सहाव्या शतकात, वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र अध्याय आहे. रोगट झाडाचा बिघडलेला भाग आधी शस्त्राने साफ करावा, मग त्यावर वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा आणि दूध मिसळलेले पाणी घालावे, असा उपचार त्यात सांगितला आहे. माणसाच्या व्रणावर वैद्य जे करी तेच येथे झाडावर केले आहे. व्रण धुवायचा, त्यावर लेप द्यायचा आणि रोग्याला पोषक आहार द्यायचा.

झाड आणि माणूस यांच्यातील हे साम्य मनाला लगेच पटते. झाडालाही साल असते, तिला आपण त्वचा म्हणतो. ती फाटली की रस येतो, त्याला आपण रक्त समजतो. काही दिवसांनी जखमेच्या कडा फुगून आत वळू लागतात, त्याला आपण ‘जखम भरते आहे’ असे म्हणतो. एकदा ‘जखम’ हा शब्द वापरला की ‘मलम’ हा शब्द त्याच्या पाठोपाठ येतोच. पुढची शेकडो वर्षे बागवानांनी मलमे बदलली. ‘मलम हवेच का?’ हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

राजाच्या माळ्याचे मलम

या इतिहासातील सर्वांत गाजलेले मलम इंग्लंडमधले आहे. विल्यम फोर्साइथ (१७३७–१८०४) हा स्कॉटलंडचा माळी. लंडनच्या चेल्सी येथील औषधी वनस्पतींच्या बागेत त्याने काम केले आणि १७८४ मध्ये राजा तिसरा जॉर्ज याच्या केन्सिंग्टन व सेंट जेम्स येथील बागांचा तो प्रमुख झाला. बागेतील फळझाडे जुनी आणि पोखरलेली होती. ती काढून टाकण्याऐवजी फोर्साइथने सडलेला भाग कोरून काढला आणि त्यावर स्वतः तयार केलेला लेप लावला. त्याची कृती अशी: एक बुशेल ताजे शेण, अर्धा बुशेल जुन्या इमारतींचा चुन्याचा चुरा (खोल्यांच्या छताचा असल्यास उत्तम), अर्धा बुशेल लाकडाची राख आणि बुशेलचा सोळावा भाग वाळू. लेप लावून झाल्यावर वरून राख आणि जळलेल्या हाडांची पूड भुरभुरायची.

शेणा-राखेच्या या लेपाची दखल थेट पार्लमेंटने घेतली. कारण प्रश्न फळांचा नव्हता, जहाजांचा होता. त्या काळी इंग्लंडचे आरमार ओकच्या लाकडावर तरंगत होते आणि ओकची जंगले संपत आल्याची चिंता राज्यकर्त्यांना लागली होती. पोखरलेला ओक आतून पुन्हा भरीव करता येतो, असा फोर्साइथचा दावा होता. तो खरा असता तर त्याची किंमत करता आली नसती. आपला गुपित मसाला जाहीर करण्याबद्दल त्याला १,५०० पौंड देण्याचे ठरले, आणि १७९१ मध्ये त्याने तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. (ओकच्या या टंचाईचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. लाकडाच्या शोधात असलेल्या ब्रिटिश आरमाराने पुढे आपल्या सागवानाकडे नजर वळवली, आणि वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘मिंडेन’ ही युद्धनौका १८१० मध्ये पाण्यात उतरली.)

फोर्साइथच्या दाव्यावर शंका घेणारा माणूसही तेव्हा होता. थॉमस अँड्र्यू नाइट हा फळझाडांवर प्रयोग करणारा जमीनदार. त्याने १८०२ मध्ये एक छोटे पुस्तक लिहून फोर्साइथच्या लेपाच्या गुणाबद्दल शंका मांडल्या. नवे लाकूड वाढते हे खरे, पण ते लेप न लावलेल्या झाडातही वाढते. मग लेपाने नेमके काय केले? वाद चांगलाच पेटला. तो मिटण्याआधीच, १८०४ च्या जुलैमध्ये, फोर्साइथ वारला. त्याच वर्षी लंडनमध्ये बागायतीला वाहिलेली जी संस्था स्थापन झाली (पुढे ती रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी म्हणून प्रसिद्धीस आली) तिच्या सात संस्थापकांपैकी एक फोर्साइथ होता. आणि १८११ पासून त्याच संस्थेचे अध्यक्षपद नाइटकडे आले.

येथे क्षणभर थांबू. नाइटचा प्रश्न साधा होता. लेप लावलेले झाड आणि लेप न लावलेले झाड शेजारी शेजारी ठेवून पाहिले का? आपण प्रयोगवहीत ज्याला ‘नियंत्रित प्रयोग’ म्हणतो तो हाच. हा प्रश्न १८०२ मध्ये विचारला गेला. त्याचे पूर्ण उत्तर मिळायला पावणेदोनशे वर्षे लागली.

बुरशी आधी की कूज आधी?

एकोणिसाव्या शतकात शेणाची जागा डांबराने घेतली. दिव्यांसाठी कोळशापासून गॅस करण्याचे कारखाने शहराशहरांत निघाले होते आणि त्यांतून उरणारे डांबर स्वस्तात मिळू लागले होते. फ्रान्समधील सरदार द कार याने १८६० च्या दशकात झाडांच्या छाटणीवर एक सुटसुटीत पुस्तक लिहिले. फांदी खोडालगत अगदी सपाट कापावी आणि वर डांबर लावावे, हा त्याचा नियम. १८८१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेत निघाले. खोडालगत सपाट काप आणि काळा लेप ही जोडी अशा पुस्तकांतून जगभर रूढ झाली.

याच सुमारास जर्मनीत रॉबर्ट हार्टिग (१८३९–१९०१) हा वनशास्त्रज्ञ एका मूलभूत प्रश्नावर काम करत होता. कुजक्या लाकडावर बुरशी दिसते. पण बुरशीमुळे लाकूड कुजते, की लाकूड कुजल्यामुळे बुरशी येते? कुजण्यातूनच बुरशी आपोआप उपजते असे मानणारे तेव्हा पुष्कळ होते. हार्टिगने सूक्ष्मदर्शकाखाली कुजक्या लाकडातील बारीक तंतू पाहिले आणि खोडाबाहेर दिसणाऱ्या छत्र्या त्याच तंतूंची फळे आहेत हे दाखवले. १८७४ आणि १८७८ मधील त्याच्या ग्रंथांनी वृक्षरोगशास्त्राचा पाया घातला. बुरशी हे कारण आणि कूज हा परिणाम, हे त्याने पक्के केले. हा मोठाच शोध होता, आणि तो बरोबर होता.

पण त्या बरोबर शोधातून पुढच्या लोकांनी जो अर्थ काढला तो अपुरा होता. खोडाच्या मध्यभागचे लाकूड मृत असते. जखमेतून बुरशीचे बीज आत शिरते आणि त्या मृत लाकडात निमूटपणे पसरत जाते. म्हणजे झाड ही जणू एक लाकडी पेटी, आणि तिचे झाकण फुटले की आत वाळवी शिरणारच! या चित्रात झाड स्वतः काहीच करत नाही. जे करायचे ते माणसाने. भोक बुजवायचे, दार लावायचे.

याच समजुतीवर विसाव्या शतकाच्या आरंभी एक नवा व्यवसाय उभा राहिला. जॉन डेव्ही (१८४६–१९२३) हा इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेला माळी. झाडांचे शेंडे बेदरकारपणे उडवणाऱ्यांविरुद्ध त्याने पोटतिडकीने लिहिले. १९०१ मध्ये त्याचे ‘द ट्री डॉक्टर’ हे पुस्तक निघाले आणि १९०९ मध्ये ओहायो राज्यातील केंट या गावी त्याची कंपनी स्थापन झाली. झाडांची निगा हे शिकून करायचे काम आहे, हे त्याने लोकांना पटवले, हे त्याचे ऋण आहेच. त्या काळचे वृक्षवैद्य पोखरलेले खोड दाताच्या डॉक्टराप्रमाणे कोरून स्वच्छ करत आणि त्यात सिमेंट भरत. काम देखणे दिसे, मालक खूश होई. आत काय चालले आहे हे झाड पडल्याशिवाय कळण्याचा मार्ग नव्हता.

उभा चिरलेला ओंडका

तो मार्ग एका यंत्राने खुला केला. दुसऱ्या महायुद्धानंतर एका माणसाला उचलता येईल अशी यांत्रिक करवत मिळू लागली. तोवर संशोधक झाडाचे आडवे छेद पाहत. आडव्या छेदात कूज म्हणजे मधोमध एक काळा डाग दिसतो. तो कोठून सुरू झाला आणि कोठे थांबला हे कळत नाही. अॅलेक्स शायगो (१९३०–२००६) हा वृक्षरोगतज्ज्ञ १९५९ मध्ये अमेरिकेच्या वनखात्यात रुजू झाला. त्याने करवत हाती घेऊन ओंडके उभे चिरायला सुरुवात केली. मेपल, बर्च, ओक अशी हजारो झाडे त्याने पुढच्या पंचवीस वर्षांत चिरून पाहिली. काही झाडांना मुद्दाम भोके पाडली, काहींना तसेच सोडले, आणि काही वर्षांनी ती उभी कापली.

जे दिसले ते पेटीच्या चित्राशी जुळत नव्हते. कूज वाटेल तशी पसरलेली नव्हती. तिला कडा होत्या. दहा वर्षांपूर्वी जखम झाली तेव्हा झाड जेवढ्या जाडीचे होते तेवढ्याच जाडीत कूज अडकली होती. त्यानंतरच्या दहा वर्षांत वाढलेले लाकूड स्वच्छ होते. म्हणजे कोणीतरी भिंत घातली होती, आणि ती झाडानेच घातली होती.

१९७७ मध्ये शायगोने एका सहकाऱ्यासह ही कल्पना चार भिंतींच्या रूपात मांडली. जहाजात पाणी शिरले तर ते एकाच कप्प्यात राहावे म्हणून आडभिंती असतात, तशी ही रचना. पहिली भिंत कूज खोडात वर-खाली पसरू देत नाही. जखमेजवळच्या जलवाहिन्या झाड बुजवून टाकते. ही भिंत सर्वांत कमकुवत असते, म्हणून कूज उभी लांब जाते. दुसरी भिंत वार्षिक वलयाच्या कडेची, ती कूज आत गाभ्याकडे जाताना अडवते. तिसरी भिंत गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या किरण-पेशींची, ती कूज बाजूला पसरताना अडवते. या तिन्ही भिंती जखमेच्या वेळी असलेल्या लाकडातच उभारल्या जातात. चौथी भिंत मात्र नवी असते. जखमेनंतर सालीखालचा जिवंत वाढीचा थर (कॅम्बियम) वेगळ्या प्रकारच्या पेशी तयार करतो आणि जुने लाकूड व यापुढे होणारे लाकूड यांमध्ये सर्वांत भक्कम भिंत उभी करतो.

यातून प्राणी आणि झाड यांच्यातील खरा फरक पुढे आला. आपल्या हाताला कापले तर जुन्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात आणि ती जागा पुन्हा पूर्वीसारखी होते. झाड बिघडलेली जागा कधीच दुरुस्त करत नाही. ते ती जागा कोंडून ठेवते आणि तिच्याभोवती नवी वाढ करते. बालपणी झालेली जखम शंभर वर्षांच्या झाडाच्या पोटात तशीच असते. म्हणून ‘झाडाची जखम भरते’ हे आपले वाक्यच मुळात चुकीचे आहे. झाडाची जखम झाकली जाते.

लेपाचा निकाल

आता नाइटचा जुना प्रश्न पुन्हा विचारता येत होता, आणि आतून उत्तर पाहताही येत होते. शायगो आणि त्याचे सहकारी यांनी निरनिराळे लेप लावलेल्या आणि काहीच न लावलेल्या जखमा वर्षानुवर्षे ठेवून मग चिरल्या. तेरा वर्षांच्या अशा प्रयोगांचा गोषवारा १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. कूज रोखण्यात लेपांचा उपयोग दिसला नाही. बुरशीचे बीज हवेत सर्वत्र असते, लेप उन्हाने तडकतो, आणि त्याखाली ओल टिकून राहते. कूज किती पसरेल हे ठरते झाडाच्या भिंतींवर.

सपाट कापाचाही निकाल लागला. फांदी खोडाला जेथे मिळते तेथे सदऱ्याच्या कॉलरसारखा एक फुगवटा असतो. हा फुगवटा फांदीचा नसून खोडाचा असतो, आणि कूज खोडात शिरू नये म्हणून झाड आपला बंदोबस्त येथेच करते. खोडालगत सपाट काप घेतला की ही कॉलर कापली जाते. म्हणजे पहारेकऱ्याला मारून मग दाराला रंग लावण्यासारखे झाले. पोकळी कोरून सिमेंट भरण्याचेही तेच. ‘निरोगी लाकूड लागेपर्यंत’ कोरताना झाडाने बांधलेली भिंतच फुटते आणि कूज पुढे सरकते.

मग शंभर वर्षे जाणत्या लोकांना सपाट काप चांगला का वाटला? उत्तर विचार करण्याजोगे आहे. सपाट कापाने जखम मोठी होते आणि तिच्या दोन्ही बाजूंना फुगवटीची जाड वळी जोराने वाढते. लोक ती वळी मोजत आणि ‘जखम लवकर भरते’ असे म्हणत. जे डोळ्यांना दिसते ते त्यांनी मोजले, आणि जे हवे होते ते मोजले असे समजले. परीक्षेचे गुण आणि समज यांबाबत आपण शिक्षकही ही चूक करत नाही काय?

एका नियमाने दुसऱ्या नियमाची जागा घेतली आणि सगळे संपले, असे मात्र नाही. अमेरिकेत ज्या भागांत ओकचा एक घातक रोग कीटकांमार्फत ताज्या जखमांवर पोचतो, तेथे विशिष्ट ऋतूत ओकच्या कापावर लगेच रंग लावण्याचा सल्ला आजही देतात. हेतू कूज थांबवण्याचा नसून कीटकाला दूर ठेवण्याचा असतो. आपल्याकडे फळबागांत छाटणीनंतर बोर्डो पेस्ट लावतात तीही ठराविक रोगांसाठी. तो निराळा प्रश्न आहे. आणि मेंदी, कोयनेल, दुरंता यांच्या कुंपणाची कात्रीने केलेली छाटणी म्हणजे बारीक कोवळ्या काड्यांचे काप असतात. ते लवकर झाकले जातात. मनगटाहून जाड फांदीची गोष्ट वेगळी. तिचा काप झाडाच्या पोटात कायमचा राहतो.

आपल्या आवारात

या इतिहासाचा आपल्याला उपयोग काय? सर्वांत आधी, फांदी कापायचीच असेल तर ती कशी कापायची हे सांगता येते. जड फांदी एका दमात कापली तर ती खाली येताना खोडाची साल ओरबाडून नेते. म्हणून खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून अर्धवट काप घ्यावा. त्याच्या थोडे पुढे वरून काप घेऊन फांदीचे ओझे उतरवावे. मग उरलेला खुंट कॉलरच्या अगदी बाहेर, कॉलरला धक्का न लावता कापावा. लांब खुंट ठेवू नये आणि खोड तासूही नये. वर काही लावू नये. उंचावरचे काम मात्र दोर आणि साधने असलेल्या शिकलेल्या माणसाकडेच द्यावे, आणि शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीची चौकशी आधी करावी. या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक वर्षांच्या झाडाला वारसा वृक्ष मानले आहे. आपल्या अनेक शाळांतील वड, चिंच, वर्षावृक्ष त्यात बसतील.

दुसरे असे, की ढोली दिसली म्हणून झाड लगेच तोडू नये आणि ढोली बुजवली म्हणून निर्धास्तही राहू नये. बाहेरच्या बाजूला पुरेसे भक्कम लाकूड असेल तर पोकळ झाड अनेक वर्षे उभे राहते. उलट सिमेंटने गुळगुळीत केलेले खोड आतून किती उरले आहे हे बाहेरून समजत नाही, आणि त्याखाली मधल्या सुट्टीत मुले बसतात. दोन्हीकडे चुकीची किंमत मोठी आहे. एकीकडे पन्नास वर्षांची सावली, दुसरीकडे एखादे मूल.

तिसरे, वर्गासाठी. आवारातील झाडांवर जुन्या छाटणीच्या खुणा शोधायला विद्यार्थ्यांना सांगावे. जखमेभोवतीची फुगवटी बांगडीसारखी चहूबाजूंनी सारखी गोल असेल, तर काप योग्य जागी पडला होता. फुगवटी फक्त डाव्या-उजव्या बाजूला असून वर आणि खाली नसेल, तर खोड तासले गेले होते. खुंट वाळून उभा असेल आणि त्यावर बुरशीच्या छत्र्या असतील, तर काप फार लांब पडला होता. प्रत्येक खुणेचे चित्र काढून शेजारी अंदाज लिहावा, आणि दरवर्षी जूनमध्ये त्याच खुणा पुन्हा पाहाव्यात. शायगोची झाडे थंड प्रदेशातील होती. आपला पावसाळा, आपली झाडे आणि आपल्याकडच्या बुरशी वेगळ्या आहेत. एखाद्या शाळेने दहा वर्षे जपलेली अशी वही या बाबतीत खरोखर मोलाची ठरेल.

फोर्साइथ लबाड नव्हता, डेव्ही तर झाडांवर जीव टाकणारा होता. हार्टिगने तर विज्ञानाला नवी वाट दिली. त्यांच्या सर्वांच्या नजरेतून एकच गोष्ट सुटली. झाड स्वतःसाठी काय करते हे पाहण्याआधीच त्यांनी झाडासाठी काय करावे हे ठरवले. पुढच्या मे महिन्यात करवतवाला डांबराचा डबा उघडेल तेव्हा आपण त्याला थांबवू, आणि विद्यार्थ्यांना जवळ बोलावून फांदीची कॉलर दाखवू.